इन्व्हर्टरची बॅटरी अर्धपोटी ठेवू नका: खानापूर ते अथणी, घरच्या बॅटरीचं चार्जिंग आणि देखभाल

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे एखादं झाड तारांवर पडलं की लाईट दोन-दोन दिवस येत नाही. बेळगाव शहरात ती अर्ध्या-अर्ध्या तासासाठी दिवसातून तीन-चारदा जाते. चिकोडी-अथणीच्या मळ्यात लाईट असते, पण थ्री फेज येऊन मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १६०-१७० वर येऊन बसतं. तिन्ही ठिकाणी जिन्याखाली बॅटरी मात्र साधारण एकच असते: १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठवण), उंच ट्युब्युलर (नळ्यांच्या प्लेटांची). तक्रारही एकच असते, "दोन वर्षांत बॅटरी बसली."

ट्युब्युलर बॅटरी नीट सांभाळली तर पाच-सहा वर्षं सहज चालते. ती वापराने झिजते हे खरं, पण आपल्या भागात बहुतेक बॅटऱ्या झिजायच्या आधीच अर्धपोटी राहून, म्हणजे कधीच पूर्ण चार्ज न होता, मरतात. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट साठतं. ताजं असताना ते बारीक असतं आणि चार्जिंगने पुन्हा विरघळतं. तेच आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की त्याचे कडक खडे होतात आणि तेवढी प्लेट कायमची निकामी होते. शिवाय उंच बॅटरीत जड अ‍ॅसिड तळाला बसतं. चार्जिंगच्या शेवटी बुडबुडे उठतात तेव्हाच ते ढवळलं जातं. रोज ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर चार्जिंग तुटत असेल, तर प्लेटांचा खालचा भाग महिनोन्‌महिने सडत राहतो आणि इन्व्हर्टरचा दिवा मात्र हिरवाच दिसतो.

आधी हिशेब

१५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. त्यातले निम्मेच वापरायचे धरा, म्हणजे ९००. इन्व्हर्टरमध्ये वीसेक टक्के जातात. हाती राहिले ७२० वॅट-तास.

आता घरातला लोड. जुने दोन पंखे १५० वॅट, ९ वॅटचे चार एलईडी ३६ वॅट, राउटर १० वॅट. एकूण १९६. म्हणजे साडेतीन तासांपेक्षा थोडं जास्त. तेच दोन पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले (प्रत्येकी ३० वॅटच्या आसपास) तर लोड १०६ वर येतो आणि तीच बॅटरी पावणेसात तास चालते. बॅकअप कमी पडतो म्हणून दुसरी बॅटरी घ्यायला निघालेल्याने आधी दोन पंखे बदलावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. खर्च कमी येतो आणि जुन्या बॅटरीचंही आयुष्य वाढतं.

लेबलवर १५० च्या पुढे सी२० लिहिलंय की सी१० तेही बघा. सी२० म्हणजे २० तासांत हळूहळू उपसली तर १५० एएच, म्हणजे तासाला साडेसात अँपिअर. वरच्या १९६ वॅटच्या लोडला बॅटरीतून २० अँपिअर जातात. त्या वेगाने तीच बॅटरी सव्वाशे एएचच्या आसपासच देते. सी१० ची, म्हणजे १० तासांत उपसली तरी १५० एएच देणारी बॅटरी म्हणूनच जड आणि महाग असते. गणपतीत माळा आणि फोकस इन्व्हर्टरवर टाकले की बॅकअप हिशेबापेक्षाही भराभर का उतरतो, त्याचं उत्तर इथे आहे.

जागा, वायर, फ्यूज

चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की ठिणगी पुरते. त्यामुळे बॅटरी बंद कपाटात नको, गॅस सिलिंडरशेजारी नको आणि समई-उदबत्ती असलेल्या देवघराखाली तर नकोच. हायड्रोजन हलका असल्याने वर जातो, म्हणून जिन्याखालच्या कोनाड्याला वरच्या बाजूला झरोका हवा. भिंतीपासून चारही बाजूंनी वीतभर जागा सोडा. ट्रॉलीवर भरतकामाचा रुमाल आणि त्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा, हे बऱ्याच घरांत दिसतं. ते आजच काढा.

"बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते" ही जुनी समजूत रबरी डब्यांच्या काळातली. आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही. तरीही ट्रॉली किंवा लाकडी पाट वापरा, कारण खानापूरकडे पावसाळ्यात फरशीला ओल येते. अ‍ॅसिडसकट १५० एएचच्या बॅटरीचं वजन पन्नास किलोच्या वर जातं. दोघांनी मिळून आणि उभीच उचलायची. तिरकी केली की अ‍ॅसिड सांडतं.

वायरीत लोक पैसे वाचवतात आणि तिथेच फसतात. ६०० वॅटचा लोड १२ व्होल्टवर साधारण ६० अँपिअर ओढतो. इन्व्हर्टर ते बॅटरी दीड मीटर, म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर तांब्याची वायर. १० चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३ व्होल्ट जातात, २५ च्या वायरीत ०.१३. आता हीच १० ची वायर वाढवून बॅटरी पाच मीटरवर व्हरांड्यात ठेवली, तर एक व्होल्टच्या वर वाटेतच संपतो. बॅटरीत जीव असताना इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून ओरडायला लागतो आणि माणूस बॅटरीला दोष देतो. वायर आखूड ठेवा, २५ ची घ्या, लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) प्रेसने दाबून घ्या. पक्कडीने चेपलेला लग सहा महिन्यांत सैल होऊन तापतो.

पॉझिटिव्ह वायरीत बॅटरीपासून वीतभर अंतरावर डीसीचा फ्यूज बसवा. ८००-९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला १०० अँपिअरचा चालतो. घराच्या बोर्डातला साधा एसी एमसीबी इथे लावू नका. डीसीची ठिणगी तो नीट तोडू शकत नाही.

चार्जिंग कसं होतं आणि हिरवा दिवा कुठे फसवतो

चार्जिंग तीन टप्प्यांत होतं. पहिल्यात चार्जर ठरलेला करंट देत राहतो आणि व्होल्टेज चढत जातं. १५० एएचला १५ अँपिअर योग्य, म्हणजे एएचच्या दहा टक्के. दुसऱ्यात व्होल्टेज १४.२ ते १४.४ वर धरून ठेवलं जातं आणि करंट आपोआप कमी होत जातो. तिसऱ्यात, म्हणजे फ्लोटमध्ये, १३.५ ते १३.८ वर बॅटरी नुसती टिकवून धरली जाते.

दुसरा टप्पा कंटाळवाणा असतो आणि महत्त्वाचाही तोच. रात्री ७५ एएच वापरले असतील तर १५ अँपिअरने पाच तासांत भरले, असं गणित मांडता येतं. पण वाटेतली तूट आणि उतरता करंट धरून प्रत्यक्षात नऊ-दहा तास लागतात. शेवटच्या १५-२० टक्क्यांनाच तीन-चार तास जातात. अनेक इन्व्हर्टर व्होल्टेज १४ च्या वर गेलं की दिवा हिरवा करतात. तो हिरवा म्हणजे 'जेवायला बसली', 'पोट भरलं' नव्हे.

घरी आजच करता येतील अशा तीन तपासण्या:

१. इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असतं: ट्युब्युलर, फ्लॅट (सपाट प्लेटांची), एसएमएफ (पाणी न लागणारी सीलबंद). बसवणारा माणूस ते बरेचदा बघतही नाही. एसएमएफवर राहिलं तर चार्जिंगचं व्होल्टेज कमी मिळतं आणि ट्युब्युलर बॅटरी जन्मभर उपाशी राहते. शेजारी करंटचं 'हाय-लो' बटण असेल तर १५० एएचला 'हाय' हवं.

२. लाईट आल्यावर चार-पाच तासांनी मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा, इन्व्हर्टरच्या नव्हे. मीटर डीसी २० व्होल्टच्या खुणेवर. १४.२ च्या वर दिसायला हवं. रात्रभर चार्जिंग होऊनही १३.९ च्या पुढे जात नसेल तर बटण चुकलंय, चार्जर कमजोर आहे किंवा बॅटरीतला एखादा सेल गेलाय.

३. चिकोडी, रायबाग, अथणी किंवा कुठल्याही मळ्यात राहणाऱ्यांनी 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' हे बटण बघावं. यूपीएस मोडमध्ये साधारण १८० च्या खालची लाईट इन्व्हर्टर घेतच नाही. घरात लाईट असते, तरी तो बॅटरीच उपसत बसतो. नॉर्मल मोड बराच कमी व्होल्टेजही चालवून घेतो. कॉम्प्युटर नसेल तर नॉर्मलवरच ठेवा. तरीही १६० व्होल्टला अनेक चार्जरांतून पूर्ण करंट मिळत नाही, म्हणून मोटारी बंद असतात त्या रात्रीच्या तासांत चार्जिंग पूर्ण होतंय का ते पाहा.

उन्हाचाही हिशेब आहे. १४.४ हा आकडा २५-२७ अंशांचा. बॅटरी त्यापेक्षा तापली की दर अंशाला साधारण ०.०२ व्होल्ट कमी हवेत. बेळगाव शहराची हवा सौम्य, पण अथणीत एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत बॅटरी ४० अंशांवर जाते. तिथे १४.१ ते १४.२ पुरे. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, हा ढोबळ नियम लक्षात ठेवून बॅटरी पत्र्याखालून हलवलेली बरी.

मीटर आणि हायड्रोमीटर

इंटरनेटवर '१२.७ व्होल्ट म्हणजे फुल' असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. ते गाडीच्या बॅटरीचं. घरच्या ट्युब्युलरमध्ये अ‍ॅसिड मुद्दाम पातळ असतं. फुल चार्जला घनता साधारण १.२४०, दुकानात त्याला '१२४०' म्हणतात. घनतेत ०.८४ मिळवा की एका सेलचं व्होल्टेज मिळतं. १.२४ अधिक ०.८४ म्हणजे २.०८, गुणिले सहा म्हणजे १२.४८. तेव्हा ट्युब्युलर १२.५ दाखवत असेल तर ती भरलेली आहे, उगाच घाबरू नका. १२.१ म्हणजे निम्मी, ११.७ म्हणजे जवळपास रिकामी. हे आकडे चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद ठेवून चार तासांनी घेतलेले हवेत. चार्जर नुकताच काढला असेल तर १३ दिसतं, त्याला अर्थ नाही.

इन्व्हर्टरचा कट-ऑफ लोडखाली १०.५ च्या आसपास असतो. म्हणजे तो बंद पडेपर्यंत वापरलं तर बॅटरी पूर्ण धुतली गेली. पंखे ११.८ लाच बंद करायची सवय लावा.

मीटर सहा सेलची बेरीज सांगतो. कोणता सेल आजारी आहे ते घनता मोजणारा हायड्रोमीटरच सांगतो. तो स्वस्तात मिळतो, आणि दुकानदाराने "बॅटरी गेली" म्हटल्यावर आपल्या हातात काही पुरावा असावा एवढ्यासाठी तरी घरी हवा. वापरायची पद्धत अशी:

बॅटरी रात्रभर चार्ज करून इन्व्हर्टर बंद करा आणि तासभर थांबा. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, अंगावर जुने कपडे. सुती कपड्यावर अ‍ॅसिडचा थेंब पडला की तेव्हा काही दिसत नाही, पुढच्या धुण्यात भोक पडतं. पॉझिटिव्हकडचा सेल एक नंबर, तिथून सहापर्यंत. झाकण काढा, रबरी नळी आत सोडा, फुगा दाबून दोन-तीनदा अ‍ॅसिड आत-बाहेर करा, मग आतला तरंगता काटा मोकळा होईल एवढं ओढा. नळी उभी धरा. काटा काचेला चिकटला तर नखाने हळू टिचकी मारा. डोळा अ‍ॅसिडच्या पातळीला आणून आकडा वाचा. अ‍ॅसिड त्याच सेलमध्ये परत सोडा आणि आकडा वहीत लिहा.

आकडा २७ अंशांचा धरतात. अ‍ॅसिड त्याहून दहा अंश गरम असेल तर ०.००७ मिळवा, थंड असेल तर त्याच प्रमाणात वजा करा. खानापूरच्या पावसाळी सकाळी २० अंशांना १.२४० दिसलं तर खरं १.२३५.

सहाही आकडे १.२३० ते १.२४५ मध्ये असतील तर उत्तम. सगळेच सारखे खाली, समजा १.१८०, तर बॅटरी उपाशी आहे, तिला भरपूर चार्जिंग द्या. पाच ठीक आणि एकच ०.०३० पेक्षा जास्त खाली असेल तर तो सेल संशयित. पाणी घातल्यावर लगेच मोजू नका. पाणी वर तरंगत असतं आणि सगळे सेल आजारी दिसतात. बॅटरी नवी असतानाच सहा आकडे लिहून ठेवले की पुढची तुलना सोपी जाते.

पाणी

उपाशी बॅटऱ्या खानापूर तालुक्यात सापडतात, तहानलेल्या शहरात. शहरात लाईट बहुतेक वेळ असते, बॅटरी वर्षभर फ्लोटवर राहते, पाणी हळूहळू उडतं आणि कुणी झाकण उघडून बघत नाही. प्लेटांचा वरचा भाग उघडा पडला की तो वाळतो. तो पुन्हा जिवंत होत नाही.

महिन्यातून एकदा सहाही तरंगत्या दांड्या बघा. लाल खुणेकडे उतरल्या की डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) वॉटर घाला, हिरव्या खुणेपर्यंत आणि त्यावर थेंब नको. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरच घाला, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते. आधी काठोकाठ भरलं तर अ‍ॅसिड उतू जाऊन ट्रॉली आणि फरशी दोन्ही खातं. अपवाद एकच. प्लेटा उघड्या दिसल्या तर आधी त्या बुडतील एवढंच घाला, चार्ज करा, मग पातळी पुरी करा. घालायला प्लास्टिकचंच नरसाळं घ्या.

विहिरीचं, बोअरचं, नळाचं पाणी चालत नाही. त्यातलं लोखंड आणि क्लोराइड प्लेटा खातात. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. कौलावरून किंवा पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात धूळ आणि जस्त असतं. एसीचं पाणीही नको. पाच लिटरचा कॅन आणून ठेवला की वाद मिटतो. आणि अ‍ॅसिड कधीही घालायचं नाही. उडतं ते फक्त पाणी. घनता कमी दिसते म्हणून अ‍ॅसिड घातलं तर आकडा सुधारतो आणि बॅटरी मरते. अ‍ॅसिड भरून 'रिपेअर' केलेली बॅटरी पुन्हा बसायला फार दिवस लागत नाहीत.

किती पाणी पिते यावरूनही निदान होतं. वर्षभरात थेंबही लागला नाही तर ती बुडबुड्यांपर्यंत पोचतच नाही, म्हणजे पूर्ण चार्ज होत नाही. दर पंधरा दिवसांनी लागत असेल तर व्होल्टेज जास्त आहे. एकच सेल इतरांपेक्षा खूप जास्त किंवा खूप कमी पीत असेल तर त्याची घनता मोजा.

टर्मिनल

पॉझिटिव्हवर पांढरं-निळसर फूल येतं. ते नुसतं खरवडलं तर पुन्हा येतं. पद्धतशीर करायचं तर वीस मिनिटांचं काम आहे. मेन आणि इन्व्हर्टर बंद. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. पान्याला अर्ध्यापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण पाना दोन्ही टर्मिनलांना टेकला तर तो लालभडक होतो. आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्याच्या पेल्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फसफसणं थांबलं की अ‍ॅसिड संपलं. झाकणं घट्ट असू द्या. सोडा सेलमध्ये गेला तर अ‍ॅसिड मारतो. साध्या पाण्याने पुसा, कोरडं करा, नट आवळा आणि मग वरून व्हॅसलिन लावा. आधी व्हॅसलिन आणि मग लग, हा क्रम चुकीचा. जोडताना पॉझिटिव्ह आधी. निगेटिव्ह टेकवताना छोटी ठिणगी पडते ती इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरची, म्हणून चार्जिंग संपल्यावर लगेच हे काम करू नका, आधी खोली हवेशीर होऊ द्या.

बॅटरीची पाठही पुसायची. मीटरची काळी पिन निगेटिव्हवर ठेवा आणि लाल पिन प्लास्टिकच्या झाकणावर पॉझिटिव्हच्या दिशेने फिरवत न्या. एक-दोन व्होल्ट दिसायला लागले तर वरच्या ओलसर धुळीतून बॅटरी रात्रंदिवस गळते आहे.

सेल सारखे करणं

घनतेत ०.०२० पेक्षा जास्त फरक दिसला किंवा बॅटरी बराच काळ उपाशी राहिली तर इक्वलायझेशन, म्हणजे सगळे सेल सारखे होईपर्यंत मुद्दाम जादा चार्जिंग, करायचं. घरच्या इन्व्हर्टरमध्ये ही सोय क्वचित असते. बॅटरीच्या दुकानातल्या वेगळ्या चार्जरवर करून घ्यावं. बॅटरी घरातून सोडवून न्यायची, आणि सांगायचं ते इतकंच: "साडेसात अँपिअरच्या वर नको." म्हणजे १५० च्या पाच टक्के. व्होल्टेज १५.५-१६ पर्यंत चढतं, बुडबुडे जोरात येतात. दर तासाला घनता मोजायची. लागोपाठ तीन वेळा आकडा हलला नाही की बंद. अ‍ॅसिड ५० अंशांवर गेलं तर थांबवून गार होऊ द्यायचं. दुकानात "फास्ट चार्जिंग करून दोन तासांत देतो" म्हणाले तर बॅटरी परत घेऊन या.

पावसाळा आणि सोलर

मलप्रभेच्या उगमाकडच्या गावांतून सोलर वाढलंय. कोरड्या दिवसांत या पट्ट्यात पॅनेलला साडेचार-पाच तासांचं पूर्ण ऊन मिळतं. ३३० वॅटचं पॅनेल, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलचं जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलणारा), उन्हात प्रत्यक्ष १७-१८ अँपिअर, म्हणजे दिवसाला ८० एएच. रात्री ६० एएच वापरले तर परत भरायला ७० लागतात. मेळ बसतो. जुलैत हेच निम्म्यावर येतं आणि वापर तोच राहतो. रोज थोडी-थोडी तूट साठून गौरी-गणपतीला पाहुणे येतात तेव्हा बॅटरी सगळ्यात अशक्त असते. म्हणून जूनमध्येच इन्व्हर्टरची सेटिंग 'सोलर प्रायॉरिटी'वरून 'ग्रिड'वर न्या, आणि आठवड्यातून एक रात्र बॅटरी सलग दहा-बारा तास चार्ज होईल असं बघा. लाईटच नसेल तर छोट्या पेट्रोल जनरेटरवर, जनरेटर अंगणात ठेवून, पहिल्या टप्प्यापुरतं चार्जिंग करा. शेवटच्या टप्प्यासाठी पेट्रोल जाळणं परवडत नाही. दोन दिवस लाईट येणार नाही असं दिसलं तर झोपताना इन्व्हर्टरच बंद करा. लोड नसतानाही तो सुमारे एक अँपिअर खातो.

३६ सेलचं जुनं पॅनेल साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर (जो जास्तीचं व्होल्टेज वापरू शकत नाही) चालतं. नवीन ५०० वॅटच्या वरचं पॅनेल ४० व्होल्टच्या आसपास असतं, ते पीडब्ल्यूएमवर १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं तर दोन तृतीयांश वीज वाया जाते. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि उतार १५-१६ अंश. निपाणी-चिकोडीकडे गाळपाच्या हंगामात कारखान्याची आणि गुऱ्हाळाची राख पॅनेलवर बसते, तेव्हा दर आठवड्याला सकाळी पॅनेल गार असताना पाण्याने धुवा.

घर बंद ठेवताना

गोवा, पुणे, मुंबईला नोकरी आणि गावाकडचं घर शिमगा ते गणपती बंद, अशी घरं खानापूर तालुक्यात भरपूर. निघताना मेन स्विच पाडतात, इन्व्हर्टर चालूच राहतो. तासाला एक अँपिअर म्हणजे दिवसाला २४ एएच. सहाव्या दिवशी बॅटरी शून्यावर, आणि पुढचे पाच महिने त्याच अवस्थेत. अशा बॅटरीला नंतर कोणी वाचवू शकत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पाणी तपासा, रात्रभर चार्ज करा, सकाळी इन्व्हर्टर बंद करून निगेटिव्ह वायर सोडा आणि टोकाला टेप लावा. अशी बॅटरी महिन्याला तीन-पाच टक्के आपोआप उतरते, जुनी असेल तर जास्त. दर दोन महिन्यांनी शेजारच्या काकांना एक रात्र चार्जिंगला लावायला सांगा. वायर कुठली, बटण कुठलं, हे मराठीत लिहून ट्रॉलीवर चिकटवा.

काय बिघडलं ते ओळखणं

रात्रभर चार्ज करून, चार तास विसावल्यावर १०.४ च्या आसपास दाखवते: एक सेल पूर्ण गेला. बॅटरी बदला.

चार्जिंगला लावताच अर्ध्या तासात १४.४, आणि पंखा लावताच १२ च्या खाली: सल्फेट कडक झालंय. दोनदा इक्वलायझेशन करून पाहा, फरक नाही पडला तर सोडून द्या.

अ‍ॅसिड तपकिरी, गढूळ: पॉझिटिव्ह प्लेटचा मसाला गळतोय. म्हातारपण आहे, इलाज नाही.

कुजक्या अंड्यासारखा वास, अंग गरम, बाजू फुगलेल्या: अति चार्जिंग. मेन बंद करा, खिडक्या उघडा, स्पार्क होईल असं काही करू नका, गार झाल्यावरच हात लावा.

बॅटरी ठीक, घनता ठीक, तरी इन्व्हर्टर लगेच ओरडतो: वायर किंवा लग. लोड चालू असताना बॅटरीवर आणि इन्व्हर्टरच्या टोकावर व्होल्टेज मोजा. फरक ०.३ पेक्षा जास्त असेल तर दोष तिथे आहे.

दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या जोडीत एक १२.६ आणि दुसरी १२.१ दिसली तर दोन्ही वेगवेगळ्या चार्ज करून घ्या. जुनीसोबत नवी कधीही जोडू नका. जुनी नवीला आपल्या वयाची करते.

अ‍ॅसिड डोळ्यात गेलं तर नळाखाली सलग पंधरा मिनिटं धुऊन मगच दवाखाना.

लिथियम घ्यावी का

एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत उपसता येते, पाणी मागत नाही आणि अर्धपोटी राहिली तरी तिला काही होत नाही. खानापूरच्या पावसाळ्यासाठी हा गुण मोठा आहे. पण जुन्या इन्व्हर्टरला तशीच जोडू नका. तिचं चार्जिंग १४.२ ते १४.६, इक्वलायझेशन अजिबात नको आणि सतत फ्लोटही नको. इन्व्हर्टरवर लिथियमची सेटिंग असेल तरच घ्या. घर बंद ठेवताना ती निम्म्यावर ठेवायची, ट्युब्युलरच्या बरोबर उलट.

जुनी बॅटरी देताना

२०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानातच द्या. शिशाचा भाव वजनावर लागतो, म्हणून वजन आपल्यासमोर काट्यावर करून घ्या. अंगणात फोडून शिसं काढू नका, अ‍ॅसिड गटारात किंवा शेतात ओतू नका. नव्या बॅटरीचा सीरियल नंबर बिलावर आणि वॉरंटी कार्डावर एकच आहे का ते काउंटरवरच बघा, दोन्हीचा फोटो काढा. घरी आणल्यावर लोड टाकायच्या आधी दहा-बारा तास चार्ज करा आणि पहिले सहा आकडे वहीत उतरवा.